दोन मुठी, एक पट्टा

"एवढ्या किमतीला फक्त दोन मुठी आणि एक पट्टा?" रेड्याने खोका टेबलावर आपटला.

रेडा हे त्याचं रिंगणातलं नाव. खोक्यात त्याचाच वीतभर पुतळा होता, संग्राहकांसाठी केलेला; सोबत बदलून लावायच्या दोन मुठी आणि कमरेचा पट्टा. त्याच्या दोनशे सह्या मिळाल्या, की खोक्यागणिक एक टाकून माल बाजारात जाणार होता.

"त्या हातोडेवाल्या पैलवानाच्या पुतळ्यासोबत अकरा वस्तू आहेत. लोक हसतील मला. नातीला शाळेत चिडवतील."

"उस्ताद, हातोडेवाला जिंकायचा," कंपनीचा माणूस म्हणाला.

थप्पड बसली.

सोबत: एक दात.

कोपऱ्यात म्हातारा मूर्तिकार माती मळत होता. त्याने नुसतं वर पाहिलं.

"मारा," तोंड पुसत कंपनीचा माणूस म्हणाला. "शेवटची लढत विकताना हात एवढे चालले नव्हते म्हणे."

रेड्याने त्याचा गळा धरला आणि डोकं भिंतीवर आदळलं. एकदा. पुन्हा. त्या माणसाने प्रतिकार केला नाही. फक्त सरकत सरकत खिडकीकडे गेला. रेड्याच्या चेहऱ्यावर ऊन आलं.

सोबत: चष्म्याची काडी. थोडे केस.

"झालं," म्हातारा म्हणाला.

त्याच्या तळहातावर अंगठ्याएवढं डोकं होतं. फुगलेल्या नाकपुड्या, मानेवरच्या तटतटलेल्या शिरा. रेड्याची पकड सुटली. रिंगण सोडल्यापासून नऊ वर्षांत त्याने आपला हा चेहरा पाहिला नव्हता.

"रागाचं डोकं, बदलता येणारं," कंपनीचा माणूस धापा टाकत म्हणाला. "फोटोवरून हा राग उतरत नाही, उस्ताद. टोचून बोलावं लागलं. माफ करा."

"आधी सांगायचं ना, गाढवा!"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाटक केलं असतंत."

रेडा पोट धरून हसला. मग डोळे पुसून त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "लागलं फार?"

"चालायचंच."

रेडा सह्या करायला बसला. दोनशे कार्डं, एकेक, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखा. "आता कोणी हसून दाखवावं!"

कंपनीच्या माणसाने शेवटच्या कार्डावर फुंकर मारली, गठ्ठा रबराने बांधला, दाराला आतून कडी घातली आणि लोखंडी स्टूल उचललं.

"मुठी, डोकी कोण मोजतो, उस्ताद?" तो म्हणाला. "किंमत येते ती शेवटच्या सहीला."