अर्जातलं कारण

साहेबांनी काठीचं टोक तुळईत खुपसलं. मूठभर भुगा खाली आला आणि पुढच्या रांगेतल्या पाट्यांवर सांडला. एकही पोर हसलं नाही. शिवलिंग मास्तरांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"दीमक है," साहेब म्हणाले. "मगर लाकूड सागाचं. इतक्यात मरत नाही."

मुनीरुद्दीनसाहेब निजाम सरकारच्या तालीम खात्यातले शाळा तपासनीस, मूळ बीदरचे. मराठी बोलत, पण दखनीत बुडवून. जळकोटच्या अलीकडच्या या गावात शाळेचा मुआयना करायला ते सकाळीच बैलांच्या दमणीतून उतरले होते. शाळा म्हणजे गावाची जुनी चावडी. एक लांबट खोली, वर मातीचं माळवद. शिडी लावून ते माळवदावरही चढून आले.

"दर साल गळतं म्हणून नवी माती टाकता, जुनी काढत नाही," खाली उतरून त्यांनी हात झटकले. "हातभर थर झाला वर. ते ओझं उतरवा. इमारत अजून तीस साल उभी राहते."

"माती उतरवू की साहेब," हिंमतराव पाटील घाईनं म्हणाले. "पर खोलीचं तेवढं बघा. जागा लई कमी पडती."

खोलीसाठी मास्तरांनी तीन वर्षांत तीन अर्ज धाडले होते. तिन्हींवर पाटलांची सही. मजकूर एकच : जागा अपुरी असल्याकारणाने सतरा मुले बाहेर लिंबाखाली बसतात, सबब आणखी एक खोली मंजूर व्हावी. गेल्या श्रावणात ती सतरा पोरं भिजली. द्वारका नावाची लहानगी पंधरा दिवस तापानं फणफणली. वाचली एवढंच. पुढच्या पावसाळ्याला दोन महिने राहिले होते. आज साहेबांनी मान हलवली नाही तर पोरं पुन्हा त्याच झाडाखाली, हे मास्तरांना दिसत होतं.

साहेबांनी टेप काढला नाही. "खोली रिकामी करा," ते म्हणाले. "मग पोरं भरून बघू. भांडं किती मापाचं, ते भरल्याबिगर कळतं काय?"

आतली चव्वेचाळीस पोरं गलका करत बाहेर आली.

"आता पहिले लिंबाखालचे. त्यांच्याच नावानं अर्ज आहे ना?"

लिंबाखालची सतरा पोरं उठली, रांगेनं आली आणि उंबऱ्याशी थबकली. पुढं द्वारका होती. तिनं उंबऱ्याकडं पाहिलं, मग मास्तरांकडं. सतराही पोरं महारवाड्यातली होती. अर्जात हे कुठंच आलं नव्हतं.

पाटील मास्तरांच्या कानाला लागले. "बसू द्या घटकाभर. आतली पोरं मागनं मावायची न्हाईत, खोली पक्की. मोजून झालं की गोमूत्र शिंपडू."

साहेब थांबले होते. पाटील थांबले होते. तीन वर्षं ही पोरं मास्तरांचा आवाज खिडकीतून ऐकत शिकली होती. आत या, असं मास्तर त्यांना एकदाही म्हणाले नव्हते. म्हणावंसं वाटायचं, पण गावात राहायचं होतं. त्यापेक्षा अर्ज सोपा होता.

"ये द्वारका," मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांचा त्यांनाच तो ओळखू आला नाही.

तिनं उंबरा ओलांडला. मागोमाग बाकीची आली आणि पार पलीकडच्या भिंतीला चिकटून बसली.

"आता बाकीचे," साहेब म्हणाले. "मांडीला मांडी लावून बसायचं. मधी जागा सोडायची नाही."

पाटलांचा मुलगा दारात अडला. त्यानं बापाकडं पाहिलं. पाटलांनी दात आवळून मान हलवली. नव्या खोलीसाठी एवढं सोसणं भाग होतं. मुलगा गेला आणि द्वारकाच्या भावाशेजारी अंग चोरून बसला. एकेक रांग भरत गेली. पाटील ओठ हलवत मोजत होते. पन्नास झाली. पंचावन्न झाली. आता उतू जाईल, आता जाईल, म्हणून त्यांनी मान लांब केली. एकसष्टावं पोर बसलं, आणि दारापाशी घोंगडी अंथरून माणूस निजेल एवढी जागा उरली.



साहेबांनी मुआयन्याच्या वहीत उर्दूत चार ओळी लिहिल्या आणि मोठ्यानं वाचून दाखवल्या. "माळवदाची माती उतरवावी. इकसठ बच्चे अंदर बैठे, जगा बाकी. नवीन खोलीची जरूर नाही." वही त्यांनी मास्तरांच्या हातात दिली, त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि दमणीकडं निघाले.

तीन वर्षांची लिखापढी चार ओळींत संपली होती. मग त्यांनी वहीतून मान वर केली. द्वारका भिंतीला टेकून छताकडं बघत होती. शाळेत पहिल्यांदाच तिच्या डोक्यावर छप्पर होतं, भुगा गाळणारं का होईना. मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

दमणी वेशीबाहेर पडेपर्यंत पाटील कसेबसे गप्प राहिले. मग दारात येऊन उभे राहिले. "झाली मोजणी. खोली बी गेली, बाट बी लागला. उठवा त्येस्नी, मास्तर."

कुणी उठवण्याआधीच द्वारका पाटी काखेत मारून उठली होती. सवयच होती तिला.

"बस गं खाली," मास्तर म्हणाले. ती बसली. वही छातीशी धरून ते दाराकडं वळले. या वेळी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"पाटील, तीन साल अर्ज मी लिहिला आणि तिन्ही वेळा कारण खोटं लिहिलं. आता ह्यांना बाहेर काढायचं असंल, तर अर्ज तुम्ही लिहा. आणि कारण खरं लिहा."