सदर विमान अद्याप हवेत आहे

चिकटी नापास झाली. असो, हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू.

तर, विमानशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं शेवटचं प्रात्यक्षिक. स्वतः बनवलेलं, बिनइंजिनाचं, हातभर लांबीचं विमान विद्यापीठाच्या मैदानावर फेकायचं आणि उतरलं की उचलून सरांच्या टेबलावर ठेवायचं. टेबलावर विमान नाही, तर गुण नाहीत. बोटांना बारा महिने गोंद म्हणून जिला सगळे चिकटी म्हणत, तिची ही शेवटची संधी होती. तिचं पहिलं विमान नाकावर आपटलं होतं. दुसरंही नाकावरच, पण सरांच्या.

"हाही दगडच का गं?" मैत्रिणीने मागून विचारलं.

"गप्प बस. या वेळी हलकं केलंय."

सरांना मुलं गुरुत्वाकर्षण म्हणत. त्यांच्यापुढे आजवर सगळं खालीच आलं होतं.

चिकटीने फेकलं. विमान मैदान ओलांडून वाहनतळावर गेलं, तापलेल्या डांबरावर जरा डगमगलं आणि चढायला लागलं. गोल गोल, सावकाश, वरून कुणी हाक मारल्यासारखं.

"गरम हवा," सर पुटपुटले. वर्षभर फळ्यावर वर जाणारे बाण काढून त्यांचा खांदा धरला होता. बाण खरोखर वर जातो, हे ते आज पाहत होते.

"शेपटीत घड्याळ बसवलंयस ना?" त्यांनी मान खाली न करता विचारलं. वेळ भरली की शेपूट उचकटून विमानाला मुकाट खाली आणणारं ते चिमुकलं घड्याळ सगळ्यांना सक्तीचं होतं.

"काढलं, सर. वजन होत होतं."

"काढलंस?"

"माझं विमान इतका वेळ वर राहील असं मला कुठे वाटलं होतं?"

"मला तर मुळीच नाही," मैत्रीण म्हणाली. पण तिचाही आवाज खाली आला होता.

कुठूनशी एक घार आली. तिने विमानाकडे एकदा नीट पाहिलं आणि घरातलंच कुणी असल्यासारखी त्याच्या शेजारून फिरू लागली. पलीकडे फुटबॉल खेळणारे थांबले. चेंडू आपला आपण घरंगळत गेला. विमान स्वल्पविरामाएवढं झालं. मग तेवढंही उरलं नाही.

टेबल रिकामं होतं. सरांच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच होतं. विमान जमिनीला टेकल्याशिवाय ते थांबवायचं नाही, असा त्यांचाच नियम.

"म्हणजे सर, मी नापास?"

"नियमाने, हो." सर अजून वरच बघत होते. "परीक्षा विभागाला अर्ज कर. घे लिहून."

चिकटीने गोंदाळलेल्या बोटांत पेन धरलं.

"सदर विमान अद्याप हवेत असल्याने परीक्षा चालू असल्याचे समजण्यात यावे. तसेच, सदर विमानास खाली येण्याची सक्ती करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."