बत्तिस्ताचं ‘न जाणो’

फोन करायला गेलेला बत्तिस्ता बारमधून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात छत्री नव्हती.

“काय म्हणाले डॉक्टर?” योलेने बायकोच्या हक्काने दारातच गाठलं.

“फोन लागलाच नाही. संध्याकाळी बघू,” असं म्हणत तो पुढच्या गावाच्या, वेर्नात्साच्या वाटेला लागलासुद्धा.

योलेच्या छातीतल्या गाठीचं आज कळायचं होतं. जेनोआत घरी बसून दिवसभर फोनकडे डोळे लावायचे नाहीत, म्हणून तिनेच नवऱ्याला ओढून मॉन्टेरोस्सोला आणलं होतं. समुद्रकाठची गावं एकदा पायी बघू, असं ती लग्नापासून म्हणत होती आणि हा बाबा लग्नापासून टाळत होता. न जाणो, पाय मुरगळला तर? न जाणो, दरड आली तर? जेनोआच्या बोलीत याला ‘मानिमान’ म्हणतात आणि तिथली माणसं तो शब्द उठताबसता म्हणतात. पण बत्तिस्ताने कहर केला होता. भर उन्हाळ्यात बरोबर छत्री, तीही न जाणो.

“अरे, छत्री राहिली की तुझी!”

“राहू दे.”

“राहू दे? बरा आहेस ना?” योले खो खो हसली. “त्या बारवाल्याने काय पाजलं तुला?”

तो हसला नाही. “ऊन आहे. चल.”

वाट जेमतेम एका माणसाची. एका अंगाला द्राक्षमळ्यांचे दगडी बांध, दुसऱ्या अंगाला उतार, खाली थेट पाणी. पायऱ्या संपता संपेनात. समोरून जर्मन पोरापोरींचं टोळकं आलं, तशी योलेने सवयीने त्याच्यासाठी बांधाकडची जागा सोडली. उंचावर त्याचे पाय लटपटतात, हे तिला पक्कं ठाऊक. तर यानेच तिला दंडाला धरून बांधाशी उभं केलं आणि स्वतः कड्याच्या बाजूला राहिला. पोरं गेली तरी त्याने दंड सोडला नाही.

“दुखतंय रे,” ती म्हणाली. तेव्हा कुठे त्याने सोडला.

लिंबाच्या सावलीत बसून तिने पुडकं उघडलं. आत तेल लावून भाजलेल्या दोन जाड रोट्या, फोकाच्या, होत्या. एक तिने दोघांत मोडली आणि दुसरी नेहमीसारखी पुन्हा गुंडाळायला घेतली.

“तीही काढ,” बत्तिस्ता म्हणाला. “खा तू. तुला आवडते.”

“आणि वाटेत भूक लागली तर? ही तर तुझी न जाणोवाली.”

“खा गं, योले.”

त्याची नजर समुद्रावर होती. योलेला सरळ विचारायचा धीर होईना. मग ती हळूच म्हणाली, “पुढच्या वर्षी वेर्नात्साला थांबायचं नाही. पार कोर्निलियापर्यंत जाऊ.”

आणि ती वाट बघत राहिली. उद्या बाजारात जाऊ म्हटलं तरी जो माणूस न जाणो म्हटल्याशिवाय राहत नसे, तो आता वर्षभरानंतरच्या बेताला नक्कीच म्हणणार. म्हणायलाच हवं त्याने.

“जाऊ की,” बत्तिस्ता म्हणाला. “नक्की जाऊ.”

दोघं पुन्हा चालू लागली. एका वळणावर खाली वेर्नात्साचा बुरूज दिसला, धक्क्यातल्या होड्या दिसल्या. योले थांबली.

“बत्तिस्ता, न जाणो म्हण.”

“कशाला?”

“म्हण रे एकदा. माझ्यासाठी.”

 तो तिच्यासमोर पायरीवर गुडघे टेकून बसला आणि मान खाली घालून तिच्या बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी घट्ट बांधलेलीच होती.