फक्त हात दिसतात

“चेहरे दाखवत नाही म्हणता ना बाई? मग हे काय?” शाल्मलीच्या आईने मोबाईल वर्गशिक्षिकेच्या नाकासमोर धरला. वर्गाच्या पानावर मटकीला मोड आणण्याचा व्हिडिओ होता. त्यात मुलांचे फक्त हात होते, नावं नव्हती. तरी खाली कुणा परक्या माणसाने लिहिलं होतं, ‘शाब्बास, शाल्मली!’

नाव फुटलं ते इथूनच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि लगेच काढून टाकला. “अहो शाल्मलीच्या आई, नाव मी कुठेच देत नाही. पण मोराची मेंदी वर्गात तिच्या एकटीच्याच हातावर आहे. तुम्ही कुठे फोटो टाकला होतात का?”

तिला आठवलं. परवाच टाकला होता. मेंदीचा हात, अंगात शाळेचा गणवेश आणि खाली कौतुकाने लेकीचं नाव.

तिने स्वतःचं खातं उघडलं. तोच माणूस तिथेही होता. बारशापासूनच्या प्रत्येक फोटोखाली त्याने लाल बदाम टाकला होता, आणि प्रत्येक बदामाखाली तिने हात जोडून आभार मानले होते.