आपल्या माणसांची नळी

धुलाईच्या खोलीत एंडोस्कोपीच्या नळ्या टांगलेल्या होत्या. त्यांतल्या एकीला सिस्टरांनी लाल लोकर बांधली होती. ती फक्त आपल्या माणसांसाठी. एरवी कुणी हात लावायचा नाही. आज सकाळी तीच सिस्टरांच्या सासूबाईंच्या पोटात उतरली होती. दुपारी नळ्यांच्या कंपनीचा माणूस तपासणीला नळीच्या आत पाहणारा बारीक कॅमेरा घेऊन आला. रोज वापरून रोज घासलेल्या नळ्या पडद्यावर लख्ख दिसल्या. “आता माझी बघा,” सिस्टर ऐटीत लोकर सोडत म्हणाल्या. कॅमेरा आत सरकला आणि पडद्यावर काळपट थर उमटला. “फारच जपलेली दिसतेय,” तो म्हणाला. “दिवसचे दिवस न वापरता ओलीच टांगून ठेवलीत, बुरशी धरली. धुऊनही निघालेली नाही.” सिस्टरांच्या बोटांत लोकर तशीच राहिली. दारातून सासूबाईंनी हाक मारली, “सूनबाई, विश्रांतवाडीची रिक्षा आलीय, निघते. उद्या ह्यांनाही घेऊन येते. तुझीच नळी राखून ठेव.”