पळपुट्याला खडा

"हा उंट, ही लाटणं घेतलेली सासू, आणि हा वाकलेला पळपुट्या," गाइड शेवंतानं काठीनं एकेक सुळका दाखवला. बोलता बोलता तिची नजर गर्दीतल्या गॉगलवाल्या पाहुण्यावर थांबली. बारा वर्षांनी दिसला, तरी तिनं त्याला क्षणात ओळखलं. त्यानंही ओळखलं असावं. तो बायकोच्या मागे सरकला.

शेवंतानं आवाज चढवला. "अंगाला हळद लागलेली नवरी मांडवात सोडून हा लेकाचा मागच्या दारानं पळाला. देवानं वाटेतच त्याचा दगड केला. इथं येणारा प्रत्येक जण त्याला एक खडा मारतो."

हसत हसत सगळ्यांनी खडे मारले. ही प्रथा शेवंतानंच पाडली होती. ती नवरी कोण, हे मात्र तिथं दोघांनाच ठाऊक होतं.

गॉगलवाल्याच्या मुलीनंही नेम धरून खडा हाणला आणि दुसरा बापाच्या हातात दिला. "बाबा, आता तुम्ही!"

त्याचा हात काही वर जाईना.

"मारा की, साहेब," शेवंता गोड हसली. "नेम चुकला तर परत मारा. हा आता कुठं पळतोय?"