फिल्मवरची धूळ

ओरुरोच्या कथिलाच्या खाणीतल्या संपाची जुनी निगेटिव्ह विल्माने स्कॅनरवर ठेवली. त्या संपातल्या गोळीबारात मारल्या गेलेल्या तिच्या आजोबांचा दुसरा फोटोच नव्हता. पडद्यावर मजुरांची गर्दी उमटली, पण निशाण धरलेल्या आजोबांच्या चेहऱ्याच्या जागी पुसट डाग. “तुझं मेलं यंत्रही खाणकंपनीचंच! नेमका माझाच माणूस गिळला,” हिलारिया आजी कडाडली. विल्मा चपापली. स्कॅनरची धूळ आपोआप पुसायची सोय चालूच राहिली होती. कृष्णधवल फिल्मवर ज्या चांदीच्या कणांनी चित्र बनतं, ते कण यंत्राला धूळच वाटतात. बंदुकीने पुसलेला माणूस तिने पुन्हा पुसला होता. सोय बंद करून तिने फिल्म कुंचल्याने हळुवार झाडली, पुन्हा ठेवली. रेघेरेघेने चेहरा वर आला: मिस्कील डोळे, चघळायच्या कोकाच्या पानांनी फुगलेला डावा गाल. आजीने डोक्यावरची टोपी उतरवली. “तुझ्यापेक्षा लहान आहे गं हा,” ती पुटपुटली, “आणि मी म्हातारी होऊन अजून त्याच्याशी भांडतेय, निशाण घेऊन पुढे का गेलास म्हणून.”